आक्काची जागा

गिऱ्हाईकानं विचारलं, "भाजी ताजी आहे ना?" की आक्का तोंडानं उत्तर देत नसे. जुडीतली एक काडी ओढायची, त्या माणसाच्या कानाजवळ नेऊन कटकन मोडायची आणि म्हणायची, "ऐका." नवीन बायका दचकून मागे सरायच्या. आक्का आणखी एक काडी मोडायची. "बोलती का नाय भाजी? मग मला कशाला इचारता?" एखादी बाई रागावून पुढच्या पोत्याकडे जायची. दोन दिवसांनी तीच परत यायची.

गंगापूर रोडला आमचा बाजार भरतो. बाजार म्हणायचा एवढंच. रस्त्याच्या कडेला पोती अंथरून आम्ही बसतो. तुमच्यातलं कोणी नाशिकचं असेल तर आमच्याशी हुज्जत घालून भाजी घेतलीही असेल. मी लिंबू, मिरची, आलं, लसूण विकते. माझ्या डाव्या हाताला आक्काचं पोतं, तिच्याकडे सगळी पालेभाजी. ती माझ्याहून लहान, पण सगळा बाजार तिला आक्का म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागले. ती मला म्हातारे म्हणायची, माझे केस काळे होते तेव्हापासून.

तिचा थोडासा मळा गंगापूर गावाच्या पलीकडे आहे. नवरा लवकर गेला. मुलगा आणि सून मळा बघतात, म्हणजे ती सांगेल तसं बघतात. एकदा मी तिकडे गेले होते. भेंडीच्या वाफ्यात एका झाडाच्या पानांवर पिवळ्या शिरा उमटल्या होत्या. त्याला केवडा पडला म्हणतात. झाडाला भेंड्या लटकत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, ऱ्हाऊ दे, अजून दोन तोडे निघतील." तिनं ऐकलंही नाही. झाड मुळासकट उपटलं, भेंड्यांसकट नेऊन बांधाबाहेर टाकलं आणि हात धुतले. मला म्हणाली, "केवडा पडल्यावर झाडाशी बोलत नाय बसायचं. आपण बोलत बसतो आन् तवर शेजारचं झाड धरतं."

हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे तिला नेमकं तेच करायला लागलं जे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं. रोग दिसून गेल्यावर नुसतं बघत बसायचं.

सुरुवात बीटानं झाली. भाजीवाल्या बायकांच्या घरी चांगली भाजी शिजत नाही, उरलेली शिजते. त्या हिवाळ्यात बीटाला उठावच नव्हता. आक्का रोज बीट परत न्यायची. बीटाची भाजी, बीटाची कोशिंबीर, भाकरीच्या पिठातसुद्धा बीट किसलेलं. नातवंडं कंटाळली, पण हिनं सोडलं नाही. एक दिवस मला हळूच म्हणाली, "म्हातारे, परसाकडं लाल होतंय."

मी म्हटलं, "बीट खाल्ल्यावर काय हिरवं होणार?"

ती हसली, मीही हसले. बीट खाल्लं की दुसऱ्या दिवशी लाल होतं, हे आम्हाला पाठ असतं. बंगल्यातली एखादी बाई बीट खाऊन घाबरते आणि डॉक्टरकडे धावते, त्याचे किस्से आम्ही एकमेकींना सांगतो. दुसऱ्या कुणी बाईनं लाल बघितलं असतं तर ती घाबरून तपासून आली असती. आक्काला बीट ठाऊक होतं म्हणून ती घाबरली नाही.

आणखी एक गोष्ट. तुम्ही आमच्यासमोर उभे राहता, भाव करता, पण आम्ही दिवसभर कुठे जातो हे तुमच्या मनात येत नसेल. आम्ही कुठेच जात नाही. सरकारी संडास लांब, त्याला बहुतेक कुलूप. म्हणून आम्ही पाणी पीत नाही आणि धरून ठेवतो. बाजारातल्या निम्म्या बायकांना मूळव्याध आहे. तेव्हा आक्काला सारखं जावंसं वाटतंय, गेलं तरी मोकळं वाटत नाही, हेही कुणाला नवल वाटलं नाही. ती वाळत चालली होती, तेही दगदगीवर घातलं.

मग उन्हाळा लागला. मळ्यातलं बीट संपलं, काकडी सुरू झाली. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. आक्का शेपूवर पाणी शिंपडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हातारे, बीट संपून महिना झाला."

मी तिच्याकडे बघितलं. ती पाणी शिंपडतच राहिली. शेपूच्या जुड्या भिजून लोळल्या तरी.

"उद्या डॉक्टरकडे जा," मी म्हटलं.

"उद्या मेथी उपटायचीय."

"सून उपटेल. तू जा."

तपासण्या झाल्या. आतड्याच्या अगदी शेवटी, शौचाच्या जागेच्या जरा वर गाठ निघाली. त्या दिवशी ती दवाखान्यातून सरळ बाजारात आली आणि पोत्यावर बसली. "कॅन्सर हाय," म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की पलीकडचा टोमॅटोवाला वळला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "समदं काढाया लागंल म्हणला डॉक्टर. मागची वाट कायमची बंद करायची आन् पोटाला भोक पाडून पिशवी लावायची. जन्मभर पिशवीत."

"मग लाव पिशवी. जीव वाचेल."

"जीव वाचंल गं. पण मी इथं बसू कशी?" तिनं पोत्यावर हात आपटला. "पोटावर घाणीची पिशवी असलेल्या बाईच्या हातची कोथिंबीर तू तरी घेशील का? खरं सांग."

मी थोडा विचार केला. "मी घेईन. पण सगळे घेणार नाहीत."

"मंग?" ती म्हणाली. "तेच म्हणते मी."

तुम्हाला वाटेल, बाई वेडी, जिवापेक्षा जागा मोठी झाली तिला. पण ती जागा तिनं नवरा गेल्यावर भांडून मिळवली होती. मळ्यात ती कुणाची आई, कुणाची सासू होती. त्या पोत्यावर ती आक्का होती.

मुलगा तिला मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात घेऊन गेला. मलाही बरोबर नेलं. आक्का म्हणाली, "पोरगा डॉक्टरसमोर मुंडी हलवत बसतो. तू चल. तू तोंडावर इचारतीस."

तिथली डॉक्टर माझ्या नातीएवढी. तिनं कागदावर आतड्याचं चित्र काढलं आणि आम्हाला समजेल असं सांगितलं. पूर्वी अशी गाठ असली की जवळजवळ सगळ्यांचंच ऑपरेशन करायचे. आता गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी अभ्यास झाले. आधी किरणांचा शेक आणि केमोची औषधं, दोन्ही पुरती द्यायची. काही लोकांची गाठ त्यानंच पूर्ण विरघळते. तशी विरघळली तर लगेच कापत नाहीत. दर तीन महिन्यांनी आतून दुर्बीण घालून बघायचं, फोटो काढायचे आणि लक्ष ठेवायचं.

मुलानं मोबाईल पुढे केला. "मॅडम, यात दाखवलंय, नुसत्या इंजेक्शनानं गाठ गेली. शेक नाही, काही नाही."

"खरं आहे ते," डॉक्टर म्हणाली. "पण ते एका ठरावीक जातीच्या गाठीला लागू पडतं. आईच्या गाठीचा तुकडा आम्ही त्यासाठी तपासला. ती जात नाही निघाली."

मुलाचा चेहरा पडला. आक्कानं मात्र लगेच मान हलवली. तिला हे पटलं. "जात बघूनच औषध मारत्यात," ती म्हणाली. "कांद्याचं औषध मेथीला चालतं का?"

मी विचारलं, "आणि विरघळली नाही तर?"

"तर ऑपरेशन."

"विरघळून परत आली तर?"

"काहींची येते, आजी. वेळेत सापडली तर बहुतेक वेळा तेव्हा ऑपरेशन करता येतं. म्हणूनच तपासणी चुकवायची नाही. एकही."

शेक आणि केमोचे महिने कसे गेले ते लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून काय कळणार. केमोच्या पुढच्या दिवसांत तिच्या बोटांना गार पाणी सोसायचं नाही, मुंग्या यायच्या, विजेसारखा झटका बसायचा. पाणी मारल्याशिवाय पालेभाजी विकता येत नाही. ती लोकरीचे हातमोजे घालून, वर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून भाजीवर पाणी मारायची. गिऱ्हाईक विचारायचं, "आक्का, हे काय?" ती म्हणायची, "फॅशन."

शेकानं आणखी एक झालं. तिला धरवेना. आलं की लगेच जावं लागायचं. आमच्या समोर एक इमारत आहे, तिच्यात मुलांचे क्लास चालतात. खाली वॉचमनजवळ संडासाची चावी असते. पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, "बाहेरच्यांना नाही." क्लास सुटायची वेळ होती. पोरांना न्यायला आलेले आईबाप गाड्या लावून उभे. आक्का मध्ये उभी राहून म्हणाली, "मला कॅन्सर हाय. कुठला ते सांगू का हितं समद्यांसमोर?"

वॉचमननं चावी दिली. दुसऱ्या दिवसापासून मागायच्या आतच द्यायचा. मग मेथीवाली, मग कणीसवाली, मग मी, सगळ्याच "आक्काची चावी" म्हणून जाऊ लागलो. त्या उन्हाळ्यात आमच्या रांगेतल्या बायका पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायल्या.

सगळं संपल्यावर मोठी तपासणी झाली. डॉक्टरनं टीव्हीवर आतला फोटो दाखवला. गाठ होती तिथे पांढरट डाग, बाकी गुलाबी, साफ. डॉक्टर खूश होती. मुलानं डोळे पुसले. आक्का त्या डागाकडे टक लावून बघत राहिली.

"आता हे काढा," ती म्हणाली.

"काय काढू, आक्का? काढायला काही राहिलं नाही."

"मूळ ऱ्हातं खाली. वरून दिसत नाय."

डॉक्टरनं समजावलं, परत समजावलं. आता काढलं तर पिशवी येणार, आणि कदाचित उगाचच. तुम्हाला तीच तर नको होती ना? आक्कानं पदर खोचला आणि उठली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "म्हातारे, पिशवी नको म्हणून मी रडले, आन् आता पिशवी लावत नायत म्हणून रडू येतंय. डोकं फिरलं का गं माझं?"

"तुला उपटायची सवय आहे," मी म्हटलं. "बघत बसायची नाही."

मग ती दोन वर्षं. लोक म्हणायचे, आक्का बरी झाली, तब्येत सुधारली. दिसायला तसंच होतं. ती बसायची, काड्या मोडायची, भांडायची. पण मी तिच्या शेजारी बसत होते. मला दिसायचं. हसता हसता तिचा हात कमरेच्या खाली जायचा आणि तिथेच थांबायचा. पोटात गुरगुरलं की बोलणं तोडून कान द्यायची. वजनकाट्यावर भाजी टाकायच्या आधी स्वतः पाय ठेवून बघायची, तो कसला माणूस पेलतोय, काटा नुसता थरथरायचा. "वजन कमी झालं का गं माझं?" मी म्हणायचे, "काटा मोडशील."

लाल काही ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं. मळ्यात बीट लावणं बंद. लाल माठ बंद. गाजरसुद्धा नको. कुणी गिऱ्हाईकानं बीट मागितलं की म्हणायची, "नाय. पुढं बघा." चांगली मागणी असायची, तरी.

एकदा ती पुतणीच्या लग्नाला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात आली ती राखेसारखं तोंड करून. भाजीचं ओझं उतरवलंच नाही. "आलं," म्हणाली. "लाल आलं."

"काल काय जेवलीस?"

"काय जेवणार? लग्नातलं. वरण-भात, बुंदी, कोशिंबीर..."

"कोशिंबीर कसली?"

ती थांबली. "अंधार होता मांडवात. लाइट गेलती."

"बीटाची असेल."

कुणी दुसरी असती तर हुश्श करून बसली असती. आक्कानं ओझं तसंच माझ्या अंगावर टाकलं आणि रिक्षा थांबवली. "एकदा बीटानं फसिवलं मला," रिक्षात बसता बसता म्हणाली. "आता बीट खरं बोललं तरी मी नाय ऐकणार." डॉक्टरनं तारखेच्या आधीच तपासलं. साफ होतं. कोशिंबीरच होती. संध्याकाळी ती परत आली, निम्मी भाजी मी विकून टाकली होती. ती म्हणाली, "शेपू सगळा खालून काढलास व्हय? वरचा वाळला बघ." तेवढ्यावर सगळं मिटलं. पण त्या दिवसापासून ती लग्नाला गेली नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं. त्या दिवशी ती बाजारात येत नसे. तपासणीला मीच बरोबर जायचे. बाहेर बाकावर आम्ही बसायचो. आतून येणाऱ्या माणसांची तोंडं बघून ती निकाल सांगायची. "ह्याचं चांगलं नाय."

"त्याचं तोंडच तसं आहे. जाताना पण तसंच होतं."

"हिचं चांगलं हाय. बघ कशी चालू राह्यली."

चालण्यावरून आठवलं. डॉक्टरनं एकदा सांगितलं होतं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेल्या लोकांनी केमोनंतर नेमानं व्यायाम केला तर रोग परत यायचं प्रमाण कमी होतं, असं नव्या अभ्यासात दिसलंय, तेव्हा तुम्हीही रोज चालत जा. आक्का म्हणाली, "मॅडम, आमी काय पलंगावर बसून भाजी पिकवतो?" डॉक्टर हसली. पण आक्कानं ते मनावर घेतलं. मळ्यातून बाजारात यायला ती रिक्षातून एक थांबा आधी उतरू लागली. पाऊस असो, ऊन असो, पाटी डोक्यावर. मी म्हणायचे, "पाटी तरी रिक्षात पाठव." ती म्हणायची, "पाटी घेऊन चाललेलं व्यायामात धरतात का नाय ते इचारलं नाय मी. म्हणून चालते बी आन् पाटी बी नेते."

नाव पुकारलं की ती उठायची आणि चपला माझ्याजवळ काढून ठेवायची. आत चपला चालत होत्या. तरी काढायची. तिच्या चपलांकडे बघत मी बसायचे. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण त्या वेळी काही ना काही मोजत बसावं लागायचं, भिंतीवरच्या फरशा, नाहीतर माणसं.

या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, ती आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. डॉक्टरनं मलाच आत बोलावलं. टीव्हीवर तोच पांढरा डाग होता आणि त्याच्या कडेला काहीतरी उंचवटा. तुकडा काढून तपासायला पाठवला. तीन-चार दिवस गेले. मग फोन आला. कॅन्सर परत आला होता.

मला वाटलं होतं ही कोसळेल. ती उलट मोकळी झाल्यासारखी दिसली. बाजारात येऊन बसली, पाणी प्यायली. "आलं एकदाचं," म्हणाली. "आता बघत बसायचं नाय." त्या दिवशी तिनं पुढच्या पोत्यावरून गाजर मागून घेतलं आणि कचाकचा खाल्लं.

डॉक्टरला मी विचारलंच. "आधीच कापलं असतं तर?"

डॉक्टरनं टाळलं नाही. "तर कदाचित आज ही वेळ आली नसती. पण दोन वर्षं आधीपासून पिशवी असती. आणि ज्यांचं परत येतच नाही, त्यांना उगाच कापलं असतं. कुणाचं परत येणार हे आम्हाला आधी नक्की सांगता येत नाही, आजी. त्यावरच काम चाललंय सगळीकडे. आक्कांचं लवकर सापडलं, एवढं मी सांगू शकते. दुसरीकडे कुठे पसरलेलं फोटोत दिसत नाही."

"दोन वर्षं बसले ना जागेवर," आक्का म्हणाली. "झालं तर. काढा आता."

असं म्हणाली खरी. पण बाहेर आल्यावर जिन्यातच थांबली. "म्हातारे, पिशवी लावून लोक कामं करत्यात म्हणली ती मॅडम. करत असतील. पण ते खुर्चीवर बसत असतील. आपलं बसणं येगळं हाय."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीची नर्स आली. हॉस्पिटलात फक्त पिशवीवाल्यांसाठी एक नर्स असते, हे मला माहीत नव्हतं. हसरी पोरगी, खिशात काळं पेन. पोटावर पिशवीची जागा कुठे करायची त्याची खूण आधी करतात, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला कळतं. तिनं आक्काला आडवं केलं, उभं केलं, खुर्चीवर बसवलं. मग विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"भाजी इकते."

"उभ्यानं की बसून?"

"बसून. खाली."

"मग खाली बसून दाखवा."

आक्कानं फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग बसली. बाजारात बसते तशीच, डावा पाय दुमडून, उजवा गुडघा वर. नर्स तिच्यासमोर उकिडवी बसली आणि पोटावर एक ठिपका काढला.

"आता लांबची जुडी घ्या."

आक्का पुढे वाकली. ठिपका पोटाच्या वळीत गडप झाला. नर्सनं तो पुसला. दुसरा काढला. "साडी कुठे बांधता?" परकराची नाडी बरोबर त्याच्यावरून गेली. तोही पुसला. तिसरा जरा वर काढला. "आता काटा उचला. मागे पाण्याचा डबा आहे का? तो घ्या." आक्का वळली, हात मागे नेला, नसलेला डबा उचलला, नसलेल्या भाजीवर पाणी मारलं. आता तिला लाज राहिली नव्हती. तिनं डावीकडची रास सारखी केली, एक जुडी उचलली आणि नर्सपुढे धरली.

नर्सनं हात पुढे करून ती जुडी घेतली. "ठिपका दिसतोय का तुम्हाला? तुम्हालाच साफ करायचंय रोज."

आक्कानं मान खाली घालून बघितलं. "दिसतोय."

"दुमडत नाही, नाडीखाली येत नाही. इथेच." नर्सनं तो ठिपका गडद केला. "अंघोळ करताना घासू नका हं."

आक्का फरशीवरून उठायलाच तयार नव्हती. तशीच बसून मला म्हणाली, "बसता येतंय गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्ट्रेचरवर घातलं, हिरवा कपडा पांघरला. मुलगा आणि सून एका बाजूला, मी दुसऱ्या. दारापाशी तिनं माझा हात धरला. मला वाटलं काही निरोप सांगेल. ती म्हणाली, "ठिपका हाय का बघ."

मी कपडा जरा वर केला. "आहे."

"फिका झाला का?"

"नाही. काळाभोर आहे."

"नीट बघ. अंघोळीचं पाणी लागलं व्हतं."

मी वाकून परत बघितलं. "आहे म्हटलं ना."

दार लागलं.

ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर म्हणाली, गाठ पूर्ण निघाली असं वाटतंय, पण काढलेला भाग तपासायला गेलाय, कडा साफ आहेत का, आजूबाजूच्या बारीक ग्रंथींत रोग गेलाय का, ते त्यातूनच कळेल. आक्का अजून हॉस्पिटलातच आहे. काल बोलली माझ्याशी. पिशवीबद्दल काही बोलली नाही. कोथिंबीर कशी चाललीय ते विचारलं.

रिपोर्ट आज येणार आहे. मुलगा फोन करतो म्हणाला. घरी बसून करायचं काय, म्हणून मी बाजारात आले. माझं पोतं टाकलं, शेजारी तिचंही टाकलं. तिच्या सुनेनं पहाटे पाठवलेल्या जुड्या लावल्या.

दुपारी एक नेहमीची बाई स्कूटरवरून आली. पालक उचलला आणि इकडेतिकडे बघितलं. "आज आक्का नाहीत?"

"दवाखान्यात आहे."

"अरे! बऱ्या आहेत ना?"

"अजून कळलं नाही."

"मग येतील कधी?"

"तेही माहीत नाही."

ती बाई अवघडली. पालक तिनं घेतला, उगाच लिंबंही घेतली, आणि निघून गेली. मी फोन कमरेचा काढून आक्काच्या पोत्यावर, जुड्यांच्या मधे ठेवला. कमरेला असला की गाड्यांच्या आवाजात वाजलेला ऐकू येत नाही. मधून मधून उचलून बघते. चालू आहे.